‘एकच लॉगिन’: ईमेल म्हणजे ओळख नव्हे

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत ऑनलाइन समुदायांसाठी ‘एकच लॉगिन’, म्हणजे एकाच खात्याने अनेक संकेतस्थळांत शिरण्याची सोय, कशी बसवावी, यावरचा लेख वाचला. विषय गरजेचा आणि भाषा सोपी. पण त्यातला एक सल्ला तसाच राहिला तर लोकांची खाती भलत्याच्या हाती जातील. तो असा: ‘बाहेरून आलेला ईमेल आपल्याकडच्या ईमेलशी जुळला, की दोन्ही खाती आपोआप जोडून टाकावीत.’ हेच करू नये, एवढे सांगण्यासाठी हे पत्र. मात्र का करू नये, हे कळायला थोडे मुळातून यावे लागेल.

या व्यवस्थेत दोन पक्ष असतात. एक ओळख पटवून देणारा सर्व्हर. तो कीक्लोकसारख्या सॉफ्टवेअरवर स्वतः चालवलेला असेल किंवा गूगल, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅपल यांचा. दुसरे म्हणजे त्याच्या शब्दावर विसंबणारे समुदायाचे संकेतस्थळ. सदस्याने लॉगिन दाबले की संकेतस्थळ त्याचा ब्राउझर ओळख-सर्व्हरकडे पाठवते. सोबत स्वतःचा क्लायंट आयडी (ओळख-सर्व्हरने संकेतस्थळाला दिलेली ओळख), परत कुठे यायचे तो पत्ता आणि ‘स्टेट’ नावाची, दर वेळी नवी, अंदाज न करता येणारी खूण असते. पासवर्ड, ओटीपी जे काय विचारायचे ते तिथेच विचारले जाते. ब्राउझर परत येतो तो एक छोटा कोड घेऊन. संकेतस्थळाचा सर्व्हर हा कोड आपल्या क्लायंट सीक्रेटसह (संकेतस्थळाच्या गुप्त किल्लीसह) पडद्याआडून ओळख-सर्व्हरला देतो आणि बदल्यात सही केलेले टोकन, म्हणजे डिजिटल ओळखपत्रासारखा मजकूर, घेतो. कोड एकदाच चालतो, आणि तो दहा मिनिटांपेक्षा जास्त जिवंत ठेवू नये अशी ओऑथ या प्रमाणाची (ठरलेल्या नियमावलीची) शिफारस आहे. सदस्याचा पासवर्ड समुदायाच्या सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, हा या खटाटोपाचा खरा फायदा. पाठ करायचे पासवर्ड कमी होतात, हा वरकड.

प्रमाण कोणते घ्यायचे, यावर फार डोके शिणवण्याची गरज नाही. सॅमल २.० हे लॉगिनचे प्रमाण २००५ सालचे, एक्सएमएल या मजकूर-मांडणीवर उभे. ओपनआयडी कनेक्ट २०१४ सालचे, ओऑथ २.० वर बांधलेले. नवे काम असेल तर ओपनआयडी कनेक्टच घ्यावे. मूळ संस्थेकडे फक्त सॅमल असेल तरच सॅमल. सॅमलमध्ये सहीची तपासणी स्वतः लिहिण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. २०१२ साली संशोधकांनी सॅमलच्या १४ प्रणाली तपासल्या, त्यांतल्या ११ मध्ये सही एका भागाची आणि वाचला जातो दुसराच भाग, अशी फसवणूक करता आली होती. आणि लेखात ‘ओऑथने लॉगिन’ असे जे वारंवार म्हटले आहे, तेही सैल आहे. ओऑथ हे परवानगी देण्याचे साधन. ‘या अ‍ॅपला माझी दिनदर्शिका वाचू द्या’ असे सांगणारे अ‍ॅक्सेस टोकन म्हणजे ‘मी अमुक आहे’ याचा पुरावा नव्हे. ते मुळात दुसऱ्याच अ‍ॅपसाठी दिलेले असू शकते. ओळखीसाठी वेगळे आयडी टोकन असते आणि त्यातल्या चार गोष्टी तपासाव्याच लागतात: ते कुणी जारी केले, कुणासाठी जारी केले, मुदत संपली का आणि सही त्या जारीकर्त्याच्याच किल्लीची आहे का. शिवाय नॉन्स (एकदाच वापरायची, अंदाज न करता येणारी खूण) पाठवला असेल तर तोच परत आला का, हेही.

आता मूळ मुद्दा. आयडी टोकनमध्ये ईमेल असतो आणि ‘सब’ नावाचे एक क्षेत्रही असते. ‘सब’ म्हणजे त्या जारीकर्त्याकडचा त्या माणसाचा कायमचा ओळख क्रमांक. तो जास्तीत जास्त २५५ अक्षरांचा असतो, आणि तो पुन्हा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, असे प्रमाणातच लिहिले आहे. ईमेलबाबत असे कोणतेही वचन नाही. ईमेल बदलतो. माणसाने नोकरी सोडली की कार्यालयाचा पत्ता बंद होतो, आणि दोन वर्षांनी त्याच नावाचा दुसरा कर्मचारी आला तर तोच पत्ता त्याला मिळतो. समुदायात खाते ईमेलवर बांधलेले असेल, तर नवा कर्मचारी पहिल्याच लॉगिनला जुन्या माणसाच्या खासगी निरोपांसकट त्याच्या खात्यात जाऊन बसतो. त्याने काही फोडलेले नसते. दार आपणच उघडून दिलेले असते.

दुसरी तऱ्हा याहून वाईट. टोकनमधला ईमेल तपासलेला असतोच असे नाही. २०२३ साली मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर एडी या, संस्थांची खाती सांभाळणाऱ्या सेवेबाबत हेच चव्हाट्यावर आले. तिथे कुणीही स्वतःची संस्था नोंदवून आपल्या एखाद्या वापरकर्त्याच्या ईमेलच्या रकान्यात वाटेल त्याचा पत्ता भरू शकत होते. तो खरा आहे का, हे कुणी विचारत नव्हते. ‘मायक्रोसॉफ्टने लॉगिन करा’ हे बटण ठेवून ईमेलवर खाती जुळवणाऱ्या संकेतस्थळांनी अशा माणसाला सरळ आत घेतले. सब वापरणाऱ्यांना धक्काही लागला नाही.

तिसरी तऱ्हा उलट बाजूची. समजा, समुदायाच्या स्वतःच्या नोंदणीत ईमेलची खातरजमा होत नाही. एखाद्याने दुसऱ्याच्या ईमेलने आधीच खाते उघडून पासवर्ड ठेवून दिला. पुढे खरा मालक गूगलमार्फत आला. ईमेल जुळला, खाती जोडली गेली, मालक खुशीत वापरू लागला. आधीच्या माणसाचा पासवर्ड मात्र त्याच खात्याला तसाच चिकटलेला आहे. तो कधीही येऊन सगळे वाचू शकतो.

म्हणून डेटाबेसमध्ये ओळखींचा तक्ता वेगळा ठेवावा. त्याचे रकाने: आपला सदस्य क्रमांक, जारीकर्त्याचा पत्ता, सब, जोडल्याची तारीख. जारीकर्ता आणि सब ही जोडी अद्वितीय असल्याचे बंधन डेटाबेसवरच घालावे, नुसते कोडच्या भरवशावर सोडू नये. सब साठवताना लहान-मोठी लिपी एक करू नये. ‘ए’ मोठा आणि ‘ए’ लहान ही दोन वेगळी माणसे असू शकतात. एका सदस्याच्या नावावर अशा कितीही ओळी असू शकतात. ईमेल राहतो तो सदस्याच्या तक्त्यात, फक्त पत्र पाठवण्यापुरता. अ‍ॅपलच्या लॉगिनमध्ये सदस्य खरा पत्ता लपवून पुढे पाठवणारा पत्ता देऊ शकतो, तेव्हा तसाही ईमेलवर भरवसा ठेवता येत नाहीच.

सबचीही एक खोच आहे आणि ती जाणकारांनाही नडते. गूगलचा सब त्या माणसासाठी सगळीकडे सारखा असतो. मायक्रोसॉफ्टचा मात्र प्रत्येक अ‍ॅप-नोंदणीगणिक वेगळा. ‘जुनी नोंदणी गबाळी झाली, नवी करू या’ म्हणून कुणी नवा क्लायंट आयडी घेतला, की दुसऱ्या दिवशी सगळे सदस्य ‘नवीन’ म्हणून दाखल होतात. तिथे ‘ओआयडी’ आणि ‘टीआयडी’ (माणसाचा आणि त्याच्या संस्थेचा क्रमांक) या दोन क्षेत्रांची जोडी साठवावी. सॅमलमध्ये याचाच भाऊ म्हणजे नेम-आयडीचा (सदस्याच्या ओळख क्रमांकाचा) प्रकार. तो ‘ट्रान्झियंट’ (तात्पुरता) राहिला तर दर लॉगिनला नवा क्रमांक येतो आणि एकाच माणसाची आठवड्यात सात खाती तयार होतात. तो ‘पर्सिस्टंट’ (कायमचा) करून घ्यावा.

मग जुन्या सदस्यांची खाती जोडायची कशी? सदस्याने आधी जुन्या पद्धतीने लॉगिन करावे, मग स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘बाहेरचे खाते जोडा’ दाबावे. दोन्ही दारांच्या किल्ल्या एकाच हातात असल्याचे तेव्हाच सिद्ध होते. बाहेरून नवा सब आला आणि ईमेल जुळत असेल, तर गुपचूप जोडू नये. ‘या पत्त्याचे खाते आधीच आहे, एकदा जुन्या पासवर्डने या’ असे सांगावे. पासवर्ड आठवत नसेल तर आपल्याकडे नोंदलेल्या पत्त्यावर एकदाच चालणारी लिंक पाठवावी, आणि ती उघडल्यावर जोडताना जुना पासवर्ड व चालू सेशन (लॉगिन झालेली अवस्था) दोन्ही रद्द करावीत. जुने लॉगिन किमान तीन महिने सोबत चालू ठेवावे, असे आमचे मत. एका रात्रीत सगळ्यांना ‘पासवर्ड बदला’ची पत्रे धाडली तर निम्मी स्पॅममध्ये जातात, आणि उरलेली लोकांना फसवी वाटतात.

डिस्कोर्स हे चर्चामंचाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या समुदायांसाठी थोडे जवळून. त्यातल्या डिस्कोर्स-कनेक्ट या सोयीत आपले मुख्य संकेतस्थळच ओळख-सर्व्हर होते. डिस्कोर्स एक नॉन्स बेस-६४ मध्ये (साध्या अक्षरांच्या रूपात) गुंडाळून, दोन्हीकडे असलेल्या सामायिक सीक्रेटने एचमॅक-शा२५६ पद्धतीची सही करून पाठवते. आपण आधी सही तपासायची, मग सदस्याचे लॉगिन घ्यायचे आणि तोच नॉन्स, ईमेल व ‘एक्स्टर्नल आयडी’ घालून पुन्हा सही करून परत पाठवायचे. सही जुळत नाही अशी तक्रार आली तर बहुतेकदा सही भलत्या मजकुरावर केलेली असते. ती बेस-६४ मजकुरावर करायची, आणि पत्त्यात घालण्यासाठी विशेष चिन्हांचे ‘%’च्या रूपात रूपांतर त्यानंतर. एक्स्टर्नल आयडीमध्ये ईमेल टाकण्याचा मोह टाळावा, आपल्या तक्त्यातला कधीही न बदलणारा सदस्य क्रमांक टाकावा. आपण ईमेलची खातरजमा करत नसाल तर ‘रिक्वायर अ‍ॅक्टिव्हेशन’ हे, ईमेलची खातरजमा सक्तीची करणारे, मूल्य ‘खरे’ म्हणून पाठवणे अनिवार्य समजावे. नाहीतर वरची तिसरी तऱ्हा इथेही घडते. ही सोय चालू केली की बाकीची लॉगिने बंद होतात. आपल्याच कोडमध्ये चूक असली तर अ‍ॅडमिनही बाहेर अडकतो. त्या वेळी पत्त्यापुढे ‘यू’ आणि त्यापुढे ‘अ‍ॅडमिन-लॉगिन’ असे जोडून येणारे पान उघडावे. अ‍ॅडमिनच्या ईमेलवर आत येण्याची लिंक मिळते. हा पत्ता सोय चालू करण्याआधी कागदावर लिहून ठेवावा.

चालू केल्यानंतर काय बिघडते, तेही लेखात नव्हते. सर्वाधिक तक्रार ‘रीडायरेक्ट पत्ता (लॉगिननंतर परत यायचा पत्ता) जुळत नाही’ ही. नोंदवलेला पत्ता आणि पाठवलेला पत्ता अक्षरशः सारखे असावे लागतात. शेवटची तिरकी रेघ एकीकडे असली आणि दुसरीकडे नसली तरी घोडे अडते. समुदायाचा सर्व्हर प्रॉक्सीच्या (मधल्या सर्व्हरच्या) मागे असला तर त्याला वाटते आपण साध्या एचटीटीपीवर आहोत आणि तो तसाच पत्ता पाठवतो. बाहेरचा खरा प्रोटोकॉल कोणता, हे प्रॉक्सीने हेडरमधून (विनंतीसोबतच्या माहितीतून) सांगायचे आणि अ‍ॅपने तो हेडर मानायचा, अशी दोन्हीकडची सेटिंग लागते. त्रासाला कंटाळून कुणी रीडायरेक्ट पत्त्यात ‘काहीही चालेल’ असा तारा (*) टाकतात. तसे केल्यास कोड कुणाच्याही सर्व्हरवर नेता येतो.

लॉगिन होते, पान परत लॉगिनवर येते, पुन्हा होते, पुन्हा येते, असे चक्र लागले तर कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली खूण) पाहावी. बहुधा ती ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’च्या पत्त्यावर बसलेली असते आणि सदस्य त्याविना असलेल्या पत्त्यावर परत येतो.

सॅमलमध्ये याचाच एक छळवादी प्रकार आहे. ओळख-सर्व्हर उत्तर पोस्ट पद्धतीने, म्हणजे ब्राउझरमधून फॉर्म पाठवावा तसे, पाठवतो. फेब्रुवारी २०२० पासून क्रोमने, कुकीवर ‘सेमसाइट’ (परक्या संकेतस्थळावरून येताना ती सोबत जावी का, हे सांगणारी सूचना) लिहिलेले नसेल तर ती ‘लॅक्स’ समजायला सुरुवात केली, आणि लॅक्स कुकी परक्या संकेतस्थळावरून आलेल्या पोस्टबरोबर जात नाही. मात्र जुन्या लॉगिन व्यवस्था मोडू नयेत म्हणून क्रोमने दोन मिनिटांपेक्षा ताज्या कुकीला सूट ठेवली. परिणाम असा की पटकन पासवर्ड टाकणारा आत जातो, आणि ओटीपी शोधण्यात तीन मिनिटे घालवणारा ‘सेशन सापडले नाही’ या पाटीवर आपटतो. तपासणारा माणूस नेहमी चपळ असतो, त्यामुळे त्याला दोष दिसतच नाही. उपाय साधा: लॉगिनच्या त्या एका तात्पुरत्या कुकीवर ‘सेमसाइट नन’ आणि ‘सिक्युअर’ असे स्पष्ट लिहावे. मुख्य सेशन कुकी लॅक्सच राहू द्यावी.

बाकीचे भराभर. सर्व्हरचे घड्याळ दोन-चार मिनिटे पुढे-मागे असले की टोकन ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारले जाते. एनटीपी (घड्याळ जुळवून ठेवणारी सोय) चालू ठेवावा आणि फार तर एक-दोन मिनिटांची सूट द्यावी. सदस्याने दोन टॅबमध्ये लॉगिन उघडले आणि स्टेट एकाच नावाच्या कुकीत ठेवली असेल, तर दुसरा टॅब पहिल्याची खूण पुसतो. प्रत्येक प्रयत्नाची खूण वेगळ्या नावाने ठेवावी. ओळख-सर्व्हर सहीच्या किल्ल्या अधूनमधून बदलतो, त्यामुळे अनोळखी किल्ली-क्रमांक दिसला की यादी पुन्हा आणून पाहावी. किल्ली कोडमध्ये चिकटवून ठेवणाऱ्यांचे लॉगिन कधीतरी भल्या पहाटे बंद पडते. मुदतींचेही तेच. मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवर क्लायंट सीक्रेट जास्तीत जास्त २४ महिन्यांचे मिळते, आणि सॅमल सर्टिफिकेट मूळ सेटिंगनुसार तीन वर्षांचे असते. या तारखा एकाच माणसाच्या दिनदर्शिकेत असू नयेत, कारण तोवर तो माणूस काम सोडून गेलेला असतो.

काढून टाकणे हा विषय लेखात एका ओळीत उरकला आहे. ओळख-सर्व्हरवर खाते बंद केले की सदस्य समुदायातून बाहेर जातो, हा समज चुकीचा आहे. समुदायाने स्वतःचे सेशन दिलेले असते आणि ते स्वतःच्या मुदतीपर्यंत चालते. सेशन तीस दिवसांचे असेल तर हकालपट्टी झालेला सदस्य महिनाभर आतच. यावर बॅक-चॅनल लॉगआउट आहे. त्यात ओळख-सर्व्हर समुदायाच्या सर्व्हरला थेट निरोप देतो. खाती उघडणे-मिटणे कळवण्यासाठी २०१५ सालचे ‘स्किम’ हे प्रमाणही आहे. दोन्ही नसतील तर सामान्य सदस्याला दोन आठवडे आणि अ‍ॅडमिनला आठ-दहा तास एवढेच सेशन द्यावे, आणि काढून टाकण्याच्या कृतीत एपीआय किल्ल्या (प्रोग्रॅमने आत येण्याच्या) व मोबाइल अ‍ॅपची टोकनेही रद्द करावीत. ही टोकने हमखास विसरली जातात. अधिकार देतानाही ईमेलच्या डोमेनवरून अ‍ॅडमिन ठरवू नये. ‘पत्ता अमुक नावाने संपतो का’ एवढेच पाहणारा कोड त्या नावाआधी चार अक्षरे जोडून घेतलेल्या परक्या डोमेनलाही आत घेतो. अधिकार ओळख-सर्व्हरच्या गटांवरून घ्यावेत, आणि गट आलाच नाही तर सर्वांत खालचा दर्जा द्यावा.

एकच दार ठेवले की ते बंद पडल्यावर सगळेच बाहेर. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद होते, तेव्हा ‘फेसबुकने लॉगिन’ एवढेच बटण असलेल्या इतर संकेतस्थळांचे सदस्यही ताटकळले. मायओपनआयडी ही लॉगिन-सेवा १ फेब्रुवारी २०१४ ला आणि मोझिलाची तशीच सेवा पर्सोना ३० नोव्हेंबर २०१६ ला कायमची मिटली. म्हणून दुसरी वाट हवीच: ईमेलवरची लिंक किंवा पासकी (पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली). पासकी डोमेनशी बांधलेली असते, हे मात्र आधी ध्यानात घ्यावे. ती उपडोमेनच्या नावाने नोंदवली आणि पुढे समुदाय दुसऱ्या उपडोमेनवर हलवला, की सगळ्यांच्या पासकी निकामी. नोंदणी मुख्य डोमेनच्या नावाने करावी. आणि बाहेरच्या कुणावरही न विसंबणारी दोन अ‍ॅडमिन खाती, हार्डवेअर किल्लीसह (ओळख पटवणाऱ्या छोट्या उपकरणासह), वेगवेगळ्या माणसांकडे असावीत.

स्वतःचे पासवर्ड ठेवणारच असाल तर मराठी वापरणाऱ्यांपुरत्या दोन गोष्टी. बीक्रिप्ट ही पासवर्डचा हॅश (उलट न करता येणारे रूप) काढणारी पद्धत फक्त पहिले ७२ बाइट पाहते. देवनागरीचे एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते, म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या धरून २४ चिन्हांतच मर्यादा संपते आणि पुढचे काहीही लिहिले तरी चालते. त्यासाठी आर्गॉन२ ही हॅशची दुसरी पद्धत घ्यावी. दुसरे, ‘ऱ’ हे अक्षर एखाद्या कीबोर्डवरून एक चिन्ह म्हणून येते, तर एखाद्यावरून ‘र’ आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. पडद्यावर फरक दिसत नाही. हॅश मात्र वेगळा निघतो. साठवण्याआधी आणि तपासण्याआधी मजकूर युनिकोडच्या एकाच रूपात आणावा. नाहीतर ‘वाऱ्यावरची’ असा पासवर्ड ठेवणारा सदस्य संगणकावरून आत जाईल आणि फोनवरून बाहेर राहील, आणि त्याचा पासवर्ड बरोबर असूनही अ‍ॅडमिन त्याला ‘नीट टाइप करा’ असे सांगत बसेल.

‘ईमेल जुळला की खाती आपोआप जोडा’ या सल्ल्याची दुरुस्ती पुढच्या रविवारच्या पुरवणीत, लेख जिथे आला होता त्याच पानावर छापावी, ही विनंती. तो सल्ला वाचून ज्यांनी ही सोय आधीच चालू केली असेल, त्यांनी ती आज बंद करावी. मग आपोआप जोडलेल्या खात्यांची यादी काढून त्यांवरचे पासवर्ड व सेशन रद्द करावीत, आणि त्या सदस्यांकडून खाती पुन्हा हाताने जोडून घ्यावीत.

आपले,
लॉगिन व्यवस्था बसवण्याचे काम करणारे दोन वाचक